उपनगर वाढतंय, पाणी तुंबतंय, बोअर आटतायत, ओढ्याला वास मारतोय. सुरुवात नेमकी कुठून करायची?

ओढ्याकाठी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. आम्ही इथे राहायला आलो त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हा आमच्यासकट तीन इमारती होत्या, बाकी मोकळं रान, आणि मागच्या बाजूला एक ओढा. पावसाळ्यानंतर नाही म्हटलं तरी दिवाळीपर्यंत त्यात स्वच्छ पाणी असायचं, दगड उचलला की खाली खेकडा दिसायचा, माझी मुलगी तासन् तास तिथे बसायची. आता त्याच ओढ्याला सगळे नाला म्हणतात, आणि आम्ही त्या बाजूच्या खिडक्या उघडत नाही.

सध्याची परिस्थिती अशी की तासभर जोरात पाऊस झाला की पार्किंगमध्ये जिन्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत पाणी, काळपट पाणी, दोन दोन पंप लावून उपसावं लागतं. आणि त्याच सोसायटीत मार्च संपायच्या आत बोअर धापा टाकायला लागतो आणि टँकर सुरू होतात. एकाच जागी चार महिने पाणी बाहेर फेकायला पंप आणि चार महिने पाणी आणायला टँकर, हे मला कुठेतरी फार चुकतंय असं वाटतं. शिवाय पहाटे कुठेतरी कचरा जळत असतो, धूर घरात येतो, सासऱ्यांना दम्याचा त्रास आहे त्यामुळे तो धूर मला घड्याळासारखा कळतो. मागच्या वर्षी आम्ही ६० रोपं लावली, त्यातली ११ जगली.

आम्ही १४-१५ जण आहोत, सगळे नोकरी-धंदा सांभाळून करणारे. काही म्हणतात अजून झाडं लावू, काही म्हणतात नालासफाईची मोहीम काढू, काही म्हणतात पालिकेला निवेदन देऊ. सगळं एकदम होणार नाही हे कळतंय. ज्यांनी अशी कामं केलीयत त्यांनी प्लीज सांगा, पहिलं पाऊल कुठलं टाकायचं?

पाणीवाट

ताई, तुमचा पंप आणि टँकरचा मुद्दा आहे ना, त्यातच उत्तर आहे. पंपाने फेकता तेच पाणी आहे जे मार्चमध्ये बोअरला मिळायला हवं होतं. मी वीस वर्षं पावसाळी गटारं आणि मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटा, यांचीच कामं करतोय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे १०,००० चौरस मीटरच्या प्लॉटवर तासात ४० मिमी पडला तर ४ लाख लिटर. हा प्लॉट रान होता तेव्हा त्यातलं साधारण दहावा हिस्सा वाहून जायचं, बाकीचं मुरायचं नाहीतर झाडाझुडपांवाटे हवेत जायचं. आता छप्पर, पेव्हर ब्लॉक, डांबर, काँक्रीट मिळून तीन चतुर्थांशच्या वर जागा झाकली गेली की निम्म्याच्या वर पाणी वाहून जातं. अंदाजे ४० हजार लिटरच्या जागी दोन लाखांच्या वर, आणि त्याहून वाईट म्हणजे आधी ते गवतातून, बांधाला अडत अडत तीन-चार तासांनी ओढ्यात पोचायचं, आता पाइपातून पंधरा-वीस मिनिटांत सगळ्या प्लॉटचं एकदम पोचतं. ओढा तेवढाच आहे, किंवा खरं म्हणजे तेवढाही राहिलेला नाही.

दुसरी गोष्ट भराव. नवीन इमारत येते ती आपला प्लॉट रस्त्यापेक्षा दोन फूट उंच करून घेते, मग रस्ता वर उचलला जातो, आणि जे आधी आले ते खड्ड्यात जातात. तुम्ही पहिल्या तीन इमारतींपैकी आहात, म्हणजे तुमचं पार्किंग आता वाटीचा तळ झालेलं असणार.

त्यामुळे माझं म्हणणं, झाडं नको, सफाई नको, निवेदनही आत्ता नको. आधी तो ओढा उगमापासून जिथे मोठ्या नदीला किंवा तळ्याला मिळतो तिथपर्यंत पायी चाला. हातात टेप आणि वही. प्रत्येक ठिकाणी पात्राची रुंदी किती, खोली किती, मोरी आहे का, पाइप कुठून येतोय, राडारोडा कुठे टाकलाय, भिंत कुठे घातलीय. घरी येऊन गूगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं उघडून तीच जागा बघा, ओढ्याचे छोटे फाटे कुठे कुठे गायब झाले ते डोळ्यांना दिसतं. मी असा अभ्यास केल्याशिवाय कुठल्याच कामाला हात लावत नाही, कारण पाणी तुंबतं एका ठिकाणी आणि कारण असतं अर्धा किलोमीटर खाली.

तुम्हाला कोणीतरी सांगेलच की दोन्ही बाजूंनी भिंत घालून तळाला काँक्रीट करा म्हणजे पाणी सुसाट जाईल. जाईल, पण खालच्या वस्तीवर जाईल, आणि वाटेत मुरायचं ते बंद होईल. सिंगापूरने कलांग नदीचा असाच २.७ किलोमीटरचा सरळसोट काँक्रीटचा कालवा बिशान-आंग मो किओ पार्कमध्ये फोडून काढला आणि त्याच्या जागी सुमारे तीन किलोमीटरची वळणावळणाची, गवताच्या काठांची नदी केली, २०१२ मध्ये ते काम झालं. जोराचा पाऊस आला की पाणी बागेत पसरतं, ओसरलं की लोक पुन्हा फिरायला येतात. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला दोन-तीन तासांत सुमारे १५० मिमी पाऊस पडला, शहर बुडालं, मग पुढच्या वर्षी त्यांनी आराखडाच असा केला की ढगफुटीचं पाणी नुसतं पाइपांत कोंबायचं नाही, बागा आणि काही रस्ते ठरवून पाणी साठवायला आणि वाहून न्यायला वापरायचे. तुमच्याकडे मोकळा प्लॉट, मैदान, बाग काहीही शिल्लक असेल तर ते रस्त्यापेक्षा फूटभर खाली ठेवायला सांगा, वर नाही. एवढी एक गोष्ट जरी नवीन लेआउटमध्ये झाली तरी खूप फरक पडतो.

टाकीवाली

पाणीवाट यांच्याशी शंभर टक्के सहमत, पण एक गोष्ट त्याच्याही आधी यायला हवी. ओढ्यात वाहतंय ते काय आहे?

साधी ओळख आहे. पाऊस थांबून महिना झाला तरी ओढा वाहतोय, आणि सकाळी आठ-नऊला जास्त, दुपारी कमी, रात्री पुन्हा जास्त, तर ते झऱ्याचं पाणी नाही, आपल्या संडास-बाथरूमचं आहे. झऱ्याला आपली अंघोळीची वेळ माहीत नसते. आणि असं पाणी असताना तुम्ही मुरवायला गेलात तर जमिनीत घाण मुरवाल. म्हणून शोषखड्डा किंवा बोअर रिचार्ज करणार असाल तर फक्त गच्चीचं पाणी घ्या, पहिल्या एक-दोन पावसांचं सोडून द्या, वाळू-खडीच्या गाळणीतून न्या. पार्किंगचं आणि रस्त्याचं पाणी बोअरमध्ये कधीच नाही, त्यात ऑइल असतं. एकदा खालचा थर नासला की पिढ्यान् पिढ्या निस्तरत बसावं लागतं.

आमच्या सोसायटीत ४ वर्षांपूर्वी एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्यांचं, काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला ब्लोअर म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. टाकीत जे जिवाणू मैला खातात त्यांना श्वास घ्यायला हवा लागते, ती हवा ब्लोअर देतो. आमच्याकडे वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद करायचे. मग हवेवर जगणारे जिवाणू मरतात, बिनहवेचे माजतात, आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तोच तो सडका वास. ताई, तुमच्या ओढ्याकडच्या फ्लॅटमध्ये एसीचे तांब्याचे कॉइल दोन-तीन वर्षांत गळतात का आणि चांदीच्या वस्तू लवकर काळ्या पडतात का ते विचारा, हाच वायू ते करतो. आमच्याकडे एका मजल्यावर ओळीने पाच एसी गेले होते आणि सगळे कंपनीला शिव्या घालत होते.

ब्लोअर चोवीस तास चालू केल्यावर तीन-एक आठवड्यांत टाकी सुधारली. मी अजूनही दर शनिवारी एक लिटरची पारदर्शक बरणी हवेच्या टाकीतल्या पाण्याने भरते आणि ३० मिनिटं हलवत नाही. गाळ तपकिरी, खाली साधारण पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत बसला आणि वरचं पाणी नितळ राहिलं की टाकी ठीक. काळा गाळ, वर तरंगणारे तुकडे, गढूळ पाणी म्हणजे काहीतरी बिघडलं. यासाठी इंजिनिअर लागत नाही, बरणी आणि घड्याळ लागतं. त्यातून निघणारं पाणी आम्ही फ्लशला आणि झाडांना वापरतो. घरात वापरतो त्यातलं साधारण पाव पाणी नुसतं फ्लशला जातं, ते एकदा वाचलं की टँकर लगेच कमी होतात.

आणि एक अत्यंत महत्त्वाचं. खूप ठिकाणी मैल्याची लाइन चुकून नाहीतर मुद्दाम पावसाळी गटाराला जोडलेली असते. संशय असेल तर संडासात रंग टाकून फ्लश करा आणि एक जण ओढ्यावर पाइपाच्या तोंडाशी उभा राहू दे. रंग आला की वाद संपतो.

पानगळ

६० पैकी ११ वाचून वाईट वाटलं पण आश्चर्य नाही वाटलं. बांधकामाच्या जागेवर पहिली गोष्ट होते ती वरची काळी माती उचलून नेतात, मग वर्षा-दोन वर्षं जेसीबी, डंपर, काँक्रीटच्या गाड्या त्याच जमिनीवर नाचतात, शेवटी राडारोड्यावर चार इंच लाल माती पसरतात आणि लॉन टाकतात. दिसायला हिरवं, खाली फरशीसारखं घट्ट. एक लोखंडी सळई घ्या आणि हाताने दाबा, फूटभर आत गेली तर झाड लावा, चार इंचांवर अडली तर आधी जमीन सैल करा, कुजलेलं खत आणि पालापाचोळा घाला, नाहीतर रोप त्या खड्ड्यात कुंडीत लावल्यासारखं राहतं आणि उन्हाळ्यात मरतं. आणि मुरतं का बघायचं असेल तर फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा, एकदा ते जिरू द्या, मग परत भरून पट्टी लावून दर तासाला किती इंच उतरतं ते लिहा. जिथे उतरतच नाही तिथे शोषखड्डा खणून उपयोग नाही, उगाच डास होतात.

पण माझं खरं सांगणं रोपांबद्दल नाहीये. जी जुनी झाडं उरलीयत ती मोजा, आजच. झाडाची पाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक सगळी वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या पसाऱ्याच्याही बाहेर जातात. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले, केबलसाठी एका बाजूने चर मारली की झाड लगेच मरत नाही, दोन-तीन वर्षांनी वरून वाळत येतं, मग वादळात पडतं आणि लोक म्हणतात झाडं धोकादायक आहेत. आमच्या गल्लीत एका पिंपळाभोवतीचं काँक्रीट आम्ही हाताने छिन्नी-हातोड्याने फोडलं, सहा जणांना दोन रविवार लागले. खालची माती पांढरीफटक आणि कोरडी होती, पाणी घातलं तर बुडबुडे आले नुसते. पुढच्या पावसात त्याच बाजूला पालवी फुटली जिथे तीन वर्षं एक पान नव्हतं.

उकाड्याचं तर कोणी बोलतच नाही. एक लिटर पाणी पानांतून वाफ होऊन जाताना साधारण पाऊण युनिटच्या जवळपास विजेएवढी उष्णता हवेतून काढून नेतं. मोठं झाड दिवसाला असं शेकडो लिटर सोडू शकतं, पण त्याला मुळाशी पाणी असलं तरच. म्हणजे जे पाणी टाकीवाली ताई म्हणतायत ते स्वच्छ झालेलं सांडपाणी उन्हाळ्यात झाडांना गेलं की तीन प्रश्न एका पाइपात सुटतात.

खालच्या_अंगाला

मी ओढ्याच्या खालच्या बाजूला राहतो. तुमच्या नाही, दुसऱ्या एका उपनगरातल्या, पण गोष्ट तीच आहे म्हणून लिहितोय.

वरच्या सोसायट्यांनी भिंत बांधून घेतली त्या वर्षी आमच्या घरात पहिल्यांदा कमरेएवढं पाणी आलं. रात्री अडीचला. आईला आणि धाकट्या भावाला पत्र्यावर चढवलं, मुलांची वह्या-पुस्तकं, दप्तरं सगळी गेली. वरच्या लोकांचा प्रश्न त्या दिवशी सुटला होता. त्यांना वाईट करायचं नव्हतं हे मला माहीत आहे, पण ठरवताना आम्हाला कोणी विचारलंच नाही.

कचरा जाळण्याबद्दल पण सांगतो. आमच्या बोळात घंटागाडी शिरत नाही, कोपऱ्यावर ढीग साठतो, कुत्री आणि उंदीर फाडतात, मग कोणीतरी कंटाळून काडी लावतं. प्लास्टिक असं मंद जळलं की किती विषारी धूर होतो ते आम्हाला पण कळतं, पहिला धूर आमच्याच पोरांच्या नाकात जातो. आमच्याकडे थांबलं ते तक्रारीने नाही थांबलं. एक हातगाडी मिळाली, दोन बायकांना त्याचं काम मिळालं, ओला कचरा वेगळा करून शाळेच्या मागे खड्ड्यात जातो. ओल्याच्या प्रत्येक थरावर वाळका पाला टाकायचा आणि आठवड्याला वरखाली करायचं, हवा लागली की वास येत नाही, मधे हात घातला तर गरम लागतं. ढिगात कुजवत ठेवलं असतं तर मिथेन झाला असता आणि आगी लागल्या असत्या. ताई, तुमचा ओढा चालाल तेव्हा खालपर्यंत या आणि खालच्या लोकांशी बोला. निवेदनावर त्यांच्याही सह्या घ्या.

ओढ्याकाठी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. चार आठवड्यांनी लिहितेय कारण आधी चालून यायचं ठरवलं होतं.

रविवारी सकाळी साडेसहाला निघालो, नऊ जण होतो, २.३ किलोमीटरला साडेतीन तास लागले. पाऊस थांबून पाच आठवडे झालेत. १९ पाइप मोजले, त्यातल्या ७ मधून पाणी गळत होतं. त्यातला एक आमच्याच भिंतीखालून येतो, जनरेटरच्या मागे, घाणेरीच्या झुडपात. नऊ वर्षांत मी तिथे कधी वाकून बघितलं नव्हतं. टाकीवाली ताईंनी सांगितल्याप्रमाणे तळमजल्यावरच्या एका संडासात लाल रंग टाकला आणि मुलगी खाली उभी राहिली. पाच मिनिटांत तिचा फोन, आई आला, लाल आला. मला तिथेच रडू आलं. इतकी वर्षं ज्या वासाला नावं ठेवत होतो त्यात आमचाच वाटा होता. परवा कमिटीने ती लाइन तोडून मैल्याच्या चेंबरला जोडायचं काम दिलंय, आणि ते पूर्ण झाल्यावरच बाकीच्या सहा पाइपांच्या मालकांकडे आम्ही जाणार आहोत.

खालच्या वस्तीतल्या लोकांना भेटलो. एका आजींनी सांगितलं की ओढ्याला डाव्या अंगाने एक ओहोळ मिळायचा, तिथे आता पाण्याची टाकी असलेला मोठा गृहप्रकल्प आहे. घरी येऊन जुनी चित्रं बघितली, ओहोळ खरंच दिसतो, २०११ च्या चित्रात आहे आणि २०१६ च्या चित्रात नाही.

त्याच्याच जरा खाली एक रस्ता ओढ्यावरून जातो, तिथे मोरीत दोन गोल पाइप आहेत, प्रत्येकी ६०० मिमीचे. दोन्ही निम्मे गाळाने भरलेत, वर जलपर्णी अडकलीय. मोरीच्या वरच्या बाजूला ओढा ३ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल आहे. पाणीवाट दादा, आमचं पाणी इथेच अडतंय का? आणि जलपर्णी काढून टाकू का?

पाणीवाट

ताई, शाबास. नऊ जणांनी वही घेऊन केलेलं हे काम मी पैसे घेऊन केलेले कित्येक सर्व्हे बघता सोन्यासारखं आहे.

हिशोब करू. ओढ्याचं पात्र ३ गुणिले १.२ म्हणजे ३.६ चौरस मीटर. ६०० मिमीच्या एका पाइपाचं तोंड ०.२८, दोन पाइप मिळून ०.५६ चौरस मीटर. म्हणजे मोरी स्वच्छ असली तरी पात्राच्या सहाव्या हिश्शाएवढीच वाट आहे, आणि निम्मा गाळ धरला तर बाराव्या. तुमचं पार्किंग या रस्त्याच्या उंचीपेक्षा खाली असेल तर पाणी मागे फुगत तुमच्यापर्यंत येतंय यात मला फारशी शंका नाही, पण खात्रीसाठी एखाद्याकडून लेव्हल, म्हणजे उंचीचं माप, घेऊन घ्या, मोरीचा तळ, रस्ता आणि तुमचं पार्किंग, तीनच आकडे.

पावसाच्या आधी गाळ काढायला लावा आणि काढलेला गाळ त्याच दिवशी गाडीतून उचलून न्यायला लावा, काठावर ठेवला तर पहिल्या पावसात परत आत. जलपर्णी आत्ता तोंडाशी आहे तेवढीच काढा. ती सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर वाढते, चांगल्या हवामानात दोन आठवड्यांत दुप्पट होते, त्यामुळे ते सात पाइप बंद झाल्याशिवाय सगळी काढण्यात तुमची माणसं थकतील आणि ती परत येईल.

मागणी मात्र गोल पाइपांची करू नका. पूर्ण पात्राच्या रुंदीची चौकोनी स्लॅबची मोरी मागा, तळाला नैसर्गिक माती ठेवून. आणि ती मोठी झाली की खाली एकदम जास्त पाणी जाईल, म्हणून त्याच निवेदनात वरच्या बाजूचं मैदान फूटभर खाली घेऊन तिथे पाणी थांबवायची मागणी जोडा. दोन्ही कामं एकत्र, नाहीतर खालच्या_अंगाला यांनी लिहिलंय तेच तुमच्या आजींच्या घरात होईल.

निवेदनाला आधी मोरीचा फोटो लावा, टेप तोंडावर धरून, आकडा वाचता येईल असा. मागे ओढ्याची पूर्ण रुंदी दिसली पाहिजे. फोटो सकाळी नऊच्या आत काढा, नंतर त्या बाजूने ऊन येत असेल तर आतला गाळ दिसत नाही.

ओढ्याकाठी

शनिवारी काढतो. आजींचा नातू पण येतोय, त्याच्याकडे लेव्हलची पारदर्शक नळी आहे, गवंडीकाम करतो तो. तिन्ही आकडे घेऊन इथे टाकते.